दोन बोटं आणि एक दाखला

प्रिय रंध्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडता खिडकीत ठेवशील आणि दोन दिवस त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघत बसशील, हे मला माहीत आहे. म्हणून पाकिटाच्या मागे तुझ्या लेकीसाठी लिहून ठेवलंय की बाबांनी हे वाचल्याशिवाय त्यांना चहा देऊ नकोस. सात महिने आपण बोललो नाही. त्यातले पहिले दोन तू इथेच होतास, आणि तुझ्या सुतारकामाच्या दुकानासमोरून जायला नको म्हणून मी वळसा घालून बाजारात जात होतो. तू सामान बांधून लेकीकडे निघालास तेव्हाही मी पडद्याआडून बघत राहिलो, खाली आलो नाही. तुझ्या वहिनीनं त्या दिवशी मला बरंच सुनावलं. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही.

आता मात्र येतं. ही पहिली बातमी. तीन आठवड्यांपूर्वी मी कानात यंत्र बसवून घेतलं. आपल्या घरात इतका गोंगाट असतो याची मला कल्पनाच नव्हती. फ्रिज कुरकुरतो, माझे गुडघे वाजतात, आणि तुझी वहिनी भांडी घासताना माझ्याबद्दल स्वतःशी बोलते. दुकानात तर चाळीस घड्याळं आपापल्या तालात चालू असतात. पहिल्या दिवशी मी घाबरून बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. तू मला टिकटिक म्हणतोस, पण ती टिकटिक मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

आणि हे घडलं कसं तेही ऐक, मनसोक्त हस. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या. मी सवयीनं ते कानाला लावलं, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं, बंद पडलंय, आठवडा लागेल. बाई काहीतरी म्हणाल्या, मी मान हलवली. त्या गेल्यावर उघडून बघतो तर आतलं चक्र मजेत फिरतंय. फक्त काच सैल झाली होती, आणि बिचाऱ्या बाई तेच सांगत होत्या. चांगलं चालतं घड्याळ मी बंद ठरवलं, तेही एवढी वर्षं घड्याळजी म्हणून मिरवून. तसाच शटर ओढून कानाच्या डॉक्टरकडे गेलो.

तुला तो शेजारच्या म्हाताऱ्या हेडमास्तरांच्या अंत्यविधीचा दिवस आठवतो? मी चर्चच्या ऑर्गनवर, तू डाव्या हाताला बाकावर, पानं उलटायला. तुला स्वरलिपीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून आपलं ठरलेलं, मी मान हलवली की तू पान उलटायचं. माझ्या नाकावर माशी बसली. मी तीनदा मान झटकली, तू इमानदारीनं तीन पानं उलटलीस, आणि मीही विचार न करता समोर आलं ते वाजवलं. शवपेटी दारातून बाहेर निघाली ती लग्नाच्या गीतावर. हेडमास्तरांची बायको नंतर म्हणाली, बरं झालं, त्यांना रडकं संगीत कधी आवडलंच नाही. तीस वर्षं आपण त्या बाकावर अशी घालवली. उपासनेला जायचं म्हणजे मला देवाइतकीच तुझीही ओढ असायची, आणि देवाला त्याचं वाईट वाटत असेल असं मला वाटत नाही.

मग ती तुझी दोन बोटं. शेवटची तीन वर्षं प्रार्थना संपली की तू माझ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायचास आणि मी वाजवायला लागायचो. मला वाटायचं, याला भूक लागलीय, घरी जायची घाई आहे. एका रविवारी तुझी दाढ काढलेली म्हणून तू आला नाहीस, आणि मी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेच्या ऐन मध्यात दणक्यात सुरुवात केली. मंडळीतल्या कुणी मला काही म्हटलं नाही. उलट दारात हात हातात घेऊन, आज फार सुंदर वाजवलंत, असंच सगळे म्हणाले. सोमवारी तू दुकानात आलास, गाल सुजलेला, माझं मोडकं स्टूल दुरुस्त करून काखेत घेतलेलं.

“तुला ऐकू येत नाही. कान दाखव, नाहीतर ऑर्गनवरून ऊठ.”

नाकाला मिरच्या झोंबल्या मला. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच, तरी इथे लिहितो, म्हणजे ते माझ्या अक्षरात राहील.

“ज्याला सूर कळत नाही त्यानं लाकूड तासावं. तुझी मला गरज नाही.”

तू स्टूल खाली ठेवलंस, चारही पाय टेकतात का ते हातानं दाबून बघितलंस आणि गेलास. स्टूल अजून जराही डुगडुगत नाही.

यंत्र घालून पहिल्यांदा उपासनेला गेलो तेव्हा पाळकसाहेबांचं आमेन ऐकलं. चांगलं खणखणीत, लांबलचक आमेन. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की तीन वर्षं हे माझ्या कानांनी कधी ऐकलंच नाही, ते मला तुझ्या बोटांतून कळत होतं. तू बाकावर बसेनासा झाल्यापासून पाळकसाहेब आमेन म्हणताना हात उंच करायचे. मला वाटलं, यांची भक्ती वाढलीय. माझी लाज राखायला तुम्ही सगळे धडपडलात, पण तोंडावर खरं बोललास तू एकटा. मी चुकलो, रंध्या. मला क्षमा कर.

अजून एक, जे तुझ्या वहिनीलाही ठाऊक नाही. या सात महिन्यांत मी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेतलेला नाही. भावाशी, म्हणजे तुझ्यासारख्या जिवलगाशीही, बिनसलेलं असताना प्रभूच्या मेजापाशी जायचं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सगळे पुढे जात आणि मी वाजवत राही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. बोटं चालत होती, पण आत फार एकटं वाटायचं.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. काल पाळकसाहेबांनी तुझा अर्ज माझ्या हातात ठेवला. तुला तिकडच्या मंडळीत कायमचं नाव घालायचंय आणि त्यासाठी इथून सभासदत्वाचा दाखला हवाय. मंडळीचा चिटणीस मी, तेव्हा दाखला मीच लिहायचा. सकाळपासून छापील फॉर्म समोर घेऊन बसलोय. ‘आचरण’ या रकान्यात उत्तम लिहिलं. ‘जाण्याचे कारण’ या रकान्यात खोटं लिहवेना, म्हणून लिहिलं, चिटणिसाचा आडमुठेपणा. पाळकसाहेब म्हणतात असा दाखला पाठवता येत नाही. तुला खरोखर लेकीजवळच राहायचं असेल तर कळव, नवा फॉर्म भरून सही करीन, कुरकुर करणार नाही. पण माझ्यामुळे जात असशील तर ये. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्या दिवशी ऑर्गन बेकरीवाल्याची सून वाजवणार आहे, मी तिला शिकवतोय. मी खाली तिसऱ्या रांगेत बसेन, डावीकडची जागा राखून. आमेन आता मला स्वच्छ ऐकू येतं. तरीही मेजापाशी जायची वेळ झाली की तू आपली दोन बोटं माझ्या गुडघ्यावर टेकव. तोवर मी उठणार नाही.

तुझाच,
टिकटिक