रोल कसला?

मालेगाव, २७ ऑगस्ट १९९७

ती. वत्सलाअक्कास,
धाकट्या भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तेजूच्या साखरपुड्याची तयारी चालू होती, पण मध्येच घोळ झाला. मुलाचे मामा कांदा घेऊन नाशिकला गेले होते. तुमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचं पत्रक त्यांनी आणलं. 'गाजलेला इंग्रजी रॉक अँड रोल सिनेमा, सोबत तेजस्विनी.' पाहुणे विचारतात, मुलीचा रोल कसला? अक्का, पोरगी सिनेमात गेली आणि सख्ख्या मामाला पत्ता नाही! बहिणीचा रोल असेल तर मी समजूत घालतो. हिरोइनचा असेल तर कठीण आहे. मुलाचे वडील म्हणाले, पोरगी स्टेजवर दिसली की सोयरीक मोडली. दाजी असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. तिला आवर.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून असलेला,
भिमाजी

नाशिक, ३१ ऑगस्ट १९९७

चि. भिमाजीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. अरे, तो सिनेमा तुझ्या भाचीच्या जन्माआधीचा. हा रोल म्हणजे सिनेमातलं काम नव्हे. तुझ्या दाजींनी मला सांगितलं होतं, रॉक म्हणजे पाळण्यासारखं झुलणं आणि रोल म्हणजे सुपात धान्य घोळावं तसं घोळणं. लग्नानंतर देवळाली कॅम्पात त्यांनी मला हाच सिनेमा दाखवला. पंक्चर काढणारा एक मुलगा गिटार वाजवत मोठा होतो. भाषा कळली नाही, पण सिनेमातल्या पाट्यांवर त्याचं नाव मोठं होत गेलेलं दिसलं. मला तेव्हा मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. त्या पाट्या बघून अक्षरांची ओढ लागली, आणि पुड्यांच्या कागदांवरून मी वाचायला शिकले.

सातपूरच्या कंपनीतून कितीही दमून आले तरी तुझे दाजी गिटार घ्यायचे. पुढे तेजूला शिकवली. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली, की अजून माझे कान दाराकडे जातात.

मध्यंतरात तेजू त्यातली गाणी वाजवणार आहे. सिनेमात तिला कोणी रोल दिलेला नाही. पाहुणे देतायत तो मुक्या सुनेचा रोल मात्र आम्हाला नको. त्यांना घेऊन ये, पुढच्या खुर्च्या राखते. आणि दाजींचं मत मला सांगू नकोस. त्यांच्याशी संसार मी केला.

मुलांना पापा. पत्राचा नाही, तुझ्या येण्याचा लोभ आहे.
अक्का

नाशिक, १२ सप्टेंबर १९९७

चि. भिमाजीस आशीर्वाद.

'वाजवणं थांबवा' हा पाहुण्यांचा निरोप काल तू माझ्या खुर्चीशी वाकून सांगितलास, तेव्हा तुझा पाय ताल धरत होता. मी पाहिलं.

मी उठून स्टेजपाशी गेले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, थांबवायला चालले. मी स्पीकरवाल्या बुधाला आवाज वाढवायला सांगितला. पाहुणे उठले आणि तूही त्यांच्या जीपमध्ये बसलास. पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. तारेनं तेजूचं बोट कापलं, तरी ती थांबली नाही. वन्समोअरवर वन्समोअर. मंडळाने सिनेमा पुढे लावला तर लोकांनी ओरडून बंद करायला लावला. तो मुलगा शेवटी मोठा झाला की नाही, ते आमच्या गल्लीला कळलंच नाही.

सकाळी शेजारच्या बाई डोळ्यांना पदर लावून आल्या. चांगली सोयरीक गेली, तुम्हाला किती वाईट वाटत असेल, म्हणाल्या. मी चहा ठेवला आणि त्यांना सांगितलं, तेजूचे बाबा गेले, त्याचं वाईट वाटतं. पाहुणे गेले, इतकंच.

राग धर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी अक्का