दोष मशीनचा नाही

३ नोव्हेंबर १९९८

कॉलेज अर्ध्यात सोडलं ते बरंच झालं. बाकीचे चंद्रपुरात बेंचवर बसून म्हातारे होतील. मी इथं आमच्या सावली गावात एजन्सी घेतली. मिनी व्हॅक्यूम क्लीनर. खांद्याला पट्टा, सायकलच्या हँडलला लटकतं. मोठ्या मशीनसारखं म्हशीगत ओढत न्यावं लागत नाही.

निश्चय : रमजानच्या आधी धंद्यात जम बसवायचा आणि अब्बांना नूर चाचांकडे पाठवायचं. रूहीसाठी. नूर चाचा पिंजारी, जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरल्या. असा माणूस मशीनवाला जावई पाहून वेडाच होईल.

रूहीशी अजून बोललो नाही. गरज नाही. त्यांच्या दुकानावरून सायकल नेली की ती बरोबर खोकते. समजणाऱ्याला इशारा पुरे.

९ नोव्हेंबर

पहिला डेमो कलाबाईच्या घरी. घरापुढची सपरी शेणानं सारवलेली. मशीननं धूळ ओढली. मग सारवण ओढलं. पोपडेच निघाले. मी म्हटलं, बाई, ताकद पाहा. ती म्हणे, ताकद पाहूनच राह्यली, आता शेण कोण आणते?

आणलं. सारवलं पण. मात्र अर्धंच, तत्त्व म्हणून काही असतं.

दोष मशीनचा नाही. मशीन फरशीसाठी आहे. गावाला फरशी नाही त्याला मी काय करू.

१४ नोव्हेंबर, दुपार

बापूरावांची राइस मिल. कोंडा बघून खूश झालो. चालू केलं आणि पिशवी भरली. रिकामी केली, परत भरली. बापूराव म्हणाले, काऊन रे, हे मशीन आहे का पानाचा बटवा? अन् एवढं बोंबलते काऊन? मजूर हसले. मी सुनावलं की तुमच्यासारख्या कोंडेवाल्यांसाठी हे नाहीच, आणि ताडताड निघून आलो.

मशीन तिथंच राहिलं होतं. परत जावं लागलं. तेव्हा जास्त हसले.

२० नोव्हेंबर

सकाळपासून लाईन नाही. लाईन नसली की मोठं मशीनही बंदच असतं, त्यामुळे यात लहान मशीनचा कमीपणा नाही. अब्बांना हे समजावलं. ते म्हणे, लाईन येतवर झाडू मार.

झाडू मारला.

२६ नोव्हेंबर

शेवटी झालंच. नूर चाचांकडे कापूस पिंजायची धनुकली चालवणारा लटारू निरोप घेऊन आला. म्हणे, उद्या मशीन घेऊन ये, घरात कापूस लय उडून राह्यला अन् रविवारी पाहुणे येतेत.

पाहुणे म्हणजे आम्हीच. सरळ कसं सांगतील बिचारे. अब्बांना म्हटलं, शेरवानी काढून ठेवा. त्यांनी विचारलं, तुले खरंच काही मालूम नाई का रे? म्हटलं, सगळं मालूम आहे. ते कपाळाला हात लावून आत गेले. आनंदानं असेल.

२७ नोव्हेंबर

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अंगणात नव्या गाद्यांची थप्पी, लाल फुलांचं कापड. नूर चाचा म्हणाले, रूहीच्या जहेजच्या आहेत बेटा. पोरगा नागभीडचा, अनस, रेल्वेत आहे. परवा त्याच्या घरचे येतात, तवरक घर साफ पाहिजे.

रूही दारात उभी राहून खोकत होती. रशिदा चाची म्हणाल्या, पोरीला लहानपणापासून कापूस बाधते. निकाह झाला की सुटली बिचारी.

मशीन लावलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट चाललं. कापूस काय सुंदर ओढतं. पलंगाखाली, फळीमागं, जिथं मोठं मशीन घुसलंच नसतं तिथून ओढला. पिशवी भरली की चाचा चादरीवर उलटवायचे. मला वाटलं, फेकतील. पण कापूस फेकेल तो पिंजारी कसला. लटारूनं तिथंच धूळ झटकून पिंजून दिला, खोळीत भरला, अन् रूहीनं नाकाला ओढणी लावून खोळीचं तोंड शिवलं. उशी झाली. दुल्ह्याची.

मग रूही पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, जुबेर भाई, मशीन चांगली आहे.

उशा दोन लागतात. दुसरी अर्धीच भरली. उद्या पुन्हा बोलावलंय.