पेंटेकॉस्टचं मराठी वाचन

प्रिय ताई,

बाबांच्या पेटीचा भाता आठवतो? सूर लागण्याआधी नुसते सुस्कारे टाकायचा. आज पेंटेकॉस्टच्या सकाळी तोच आवाज कानात घेऊन जागा झालो. मी खुशाल आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथं परदेशात आमच्या चर्चच्या मंडळीत, पवित्र आत्मा उतरून शिष्य नाना भाषांत बोलले त्याच्या या सणाला, जो तो आपापल्या भाषेत बायबलचा एकच अध्याय वाचतो. यंदा मलाही बोलावलं होतं. त्याची आई गेल्यापासून तीन वर्षांत माझ्या लेकानं चर्चची पायरी चढलेली नाही. “आज तरी चल,” म्हटलं, तर म्हणाला, “बाबा, तुमचं मराठी तिथं कळणार कोणाला?”

“देवाला येतं रे थोडंफार,” म्हणालो आणि एकटाच निघालो.

शाळेत कविता म्हणायला उभा राहायचो तसाच ताठ वाचायला उभा राहिलो. रंगीत काचांतून ऊन पानावर सांडलेलं. चौथ्या ओळीला अडलो. हाच अध्याय लेकाच्या आईनं त्याच्याकडून लहानपणी पाठ करून घेतला होता. पाळकसाहेब पाणी आणायला उठले.

तेवढ्यात मागून पुढची ओळ ऐकू आली, खणखणीत मराठीत. मान वर केली. कामाच्या कपड्यांत, टोपी हातात घेऊन लेक दारात उभा होता.

तुझा,
अजूनही धाकटाच