बसलेला वारा

केदुंगसारी, गुनुंगकिदुल
१४ ऑगस्ट २०२३, सोमवार

प्रिय लास्त्रीताई,

सलाम. तुम्हा सगळ्यांवर अल्लाची कृपा असो. बोलता बोलता तू फोन लेकीच्या हातात देतेस, म्हणून कागद घेतला. हा तरी शेवटपर्यंत वाच.

इकडे पावसाचं नाव नाही. विहीर तळाला गेली. तुझ्या भावजयीची, यायुकची शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत. मशिदीला नवा भोंगा बसवलाय, अजान अजून मीच देतो. यायुक म्हणते, तुमची अजान अशीच घुमत राहिली तर शेळीचं दूध आटेल.

गेल्या महिन्यात मी पाच दिवस योग्याकार्ताच्या इस्पितळात होतो. तुला कळवू नका, असं मीच सांगितलं होतं. लाकडं फोडताना छातीवर कुणी उखळ ठेवावं तसं झालं. डावा हात जड पडला, अंग घामाने भिजलं. यायुक अंगातला वारा काढायला तेल आणि नाणं घेऊन माझी पाठ घासायला बसली. लालभडक पट्टे उठले. "बघा, केवढा वारा भरलाय," ती म्हणाली. उखळ मात्र हललं नाही.

शेजारची वातिनी परिचारिका आहे. तिने नाणं काढून घेतलं आणि मला मोटारसायकलवर घालून आरोग्य केंद्रात नेलं. तिथे छातीला तारा लावून आलेख काढला, शहरातल्या डॉक्टरांना फोनवरून दाखवला, एक गोळी चावायला दिली आणि रुग्णवाहिकेत घातलं.

इस्पितळातली डॉक्टरीणबाई तुझ्या लेकीच्या वयाची. माझी पाठ पाहून म्हणाली, "काका, वारा काढून झाला असेल तर आता आमचं काम करू का?" मनगटातून बारीक तार घालून तिने हृदयापर्यंत नेली, बंद नळीत फुगा फुगवला आणि ती उघडी राहावी म्हणून जाळी बसवली. मी जागाच होतो, मनात कलमा म्हणत होतो. थोड्याच वेळात उखळ उतरलं.

नंतर मी तिला विचारलं, की आमच्याकडे वारा बसून माणसं जातात, ती कशाने? ती म्हणाली, "वारा नसतोच तो, काका. नळीत रक्ताची गुठळी अडकते. रक्त न मिळालेला भाग मरत जातो. उशीर होईल तेवढं हृदय कमी."

इथवर लिहून मी उठलो, शेळ्यांना पाला टाकून आलो. पुढचं लिहायचं नव्हतं.

तुझी लेक सांगत होती, की मिरीच्या वेलांकडचा चढ चढताना तू मध्येच थांबतेस. दुखणं जबड्यापर्यंत येतं. मग तू तिच्याकडून पाठ घासून घेतेस, आणि जरा बसलं की बरं वाटतं. ताई, बरं वाटतं ते बसल्यामुळे. नाण्यामुळे नाही.

हे तुला कळलं, की आपल्या मार्सुदीदादाचंही कळणार. म्हणून महिनाभर गप्प होतो. तो शेतातून छाती धरून आला आणि तू त्याची पाठ घासलीस. पट्टे काळेनिळे उठले, तेव्हा आम्ही सगळेच म्हणालो, वारा निघतोय. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाआधी तो गेला. जोर कमी पडला माझा, असं तू अजून म्हणतेस. जोर कमी पडला नव्हता. तो वाराच नव्हता. त्या वेळात त्याला इस्पितळात न्यायला हवं होतं, आणि हे आपल्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच्या पाठीवर मायेने फिरत होता तो तुझाच हात. त्या हाताला मी कधी दोष दिला नाही, अल्लाही देणार नाही.

रडायचं ते रडून घे, पण पत्र वाचशील त्याच दिवशी लेकीबरोबर आरोग्य केंद्रात जा. तिथे वारा भरलाय म्हणू नकोस, गोळी देऊन घरी पाठवतील. छाती दुखते म्हण, आणि भाऊ यानेच गेला हेही सांग.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल. रागवायला तू असायला हवीस.

आता थोरलं म्हणावं असं तुझ्याशिवाय कुणी न उरलेला,
तुझा सुगेंग