केमिकल नसलेली खोली

प्रिय धाकटीस,

तुझ्या थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे सुखरूप आहेत. गुडघे सोडले तर घरात सगळे माझं ऐकतात. तुझी तब्येत विचारत नाही, कारण ती मागल्या आठवड्यात फोनवर ऐकली. पत्र माझं, अक्षर नातीचं. (ती गोळ्यांच्या कारखान्यात केमिस्ट आहे, म्हणजे अक्षर लागलं तर नशीब समज. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती.) सुनेला मोठ्यानं वाचायला सांग आणि मध्येच डोळे भरून आले तर तिला चहा करायला पिटाळ.

आपली शपथ तुला आठवत असेलच. दोन महिन्यांपूर्वी बागेत एका गृहस्थांचं भाषण ऐकून मी तावातावानं घरी आले आणि तुला फोन केला, की आजपासून केमिकल बंद, गळ्याची गोळीसुद्धा बंद. दोघींच्या गळ्यातली ती थायरॉइडची ग्रंथी आळशी, आईकडून मिळालेली एवढीच काय ती इस्टेट; तिच्यापायी रोज सकाळी उपाशीपोटी ती इवलीशी गोळी. तू म्हणालीस, "अक्का, डॉक्टर ओरडतील गं." मी म्हटलं, "ओरडू देत, त्यांच्याही गळ्याला व्यायाम." झाली शपथ. (नातीला हे आत्ताच कळतंय. पेन जरा जोरात चालायला लागलंय.)

तर गेल्या रविवारी मी नातीला बजावलं, की तुझा कारखाना तुझ्यापाशी, माझ्या खोलीत यापुढे एकही केमिकल नको. ती इतक्या गरीबपणे "बरं आजी" म्हणाली, तिथेच मला संशय यायला हवा होता. आधी तिनं प्लास्टिकची बादली उचलली, मग नायलॉनची दोरी, मग फोमची गादी. इथवर मी शाबासकी देत होते. मग गेला चष्मा. मग कवळी, त्यामुळे पुढचं सगळं भांडण मला बोळक्या तोंडानं करावं लागलं. मग तिनं साखरेचा डबा उचलला, त्यावर लिंबू ठेवलं आणि निघाली. मी ओरडले, "अगं, ते झाडावरचं आहे!" तर म्हणते कशी, "झाड म्हणजे कारखानाच की आजी. भोंगा वाजत नाही एवढंच." मग सुती चादर, लाकडी खुर्ची, लोकरीचं विणकाम सुयांसकट, आणि शेवटी भिंतीवरचा ह्यांचा फोटो. मी विचारलं, "आजोबासुद्धा केमिकल?" म्हणाली, "नखशिखांत." (मला लग्नापासून शंका होतीच.)

खोलीत उरला स्टीलचा पेला, त्यातलं पाणी, मिठाची बरणी आणि गार फरशीवर बसलेली मी. मला वाटलं, संपलं एकदाचं. तर पोरगी परत आली, माझ्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "चल आजी, आता तूच राहिलीस."

धाकटे, तिथे मात्र मी फरशी सोडली नाही. मग तिनं शेजारी बसून समजावलं. तिनं नेलं त्या सगळ्यात कार्बन होता, कोळशात असतो तोच; त्याला म्हणे चार हात, आणि हात धरायची भारी हौस. दुसऱ्याचे धरतो, आपल्याच भावंडांचे धरतो, साखळ्या करतो, फेर धरतो. एकाच गुंड्यातून मी टोपी विणते, मोजे विणते, टाके तेवढे बदलते. तशीच याची साखर होते, कापूस होतो, रंग होतो, रबर होतं, माझी कवळी होते आणि कवळीमागची जीभही होते. अंगणातलं रोप हवेतून हा कार्बन ओढतं आणि उन्हात पान विणतं, सुया नाहीत, चष्मा नाही. मी सत्तर वर्षं त्या रोपांना पाणी घालतेय आणि एकदाही त्यांना नमस्कार केला नाही.

मग मी सहज विचारल्यासारखं आपल्या गोळीचं विचारलं. आपल्या गळ्यातल्या ग्रंथीनं जे विणायचं, तेच कारखान्यात विणतात. मी म्हटलं, "म्हणजे नकली." ती म्हणाली, "नकली नाही आजी, तेच. टाक्याला टाका. घरचं कुठलं नि बाहेरचं कुठलं, अंगाला कळतसुद्धा नाही." मग बरणीतून मिठाचा एक कण काढून माझ्या तळव्यावर ठेवला. गोळीत औषध जेमतेम एवढंच, बाकीची गोळी ते चिमटीत धरता यावं म्हणून. मला चष्म्याशिवाय तो कण दिसलाही नाही, नुसता टोचला. आणि एवढ्याशावर अंगाची ऊब चालते, केस, आठवण, आवाज, स्वभाव, सगळं चालतं!

आवाजावरून सांगते. मागल्या आठवड्यात फोन तू उचललास तेव्हा मला वाटलं घरात कुणी बाप्या आलाय. भर दुपारी शाल घेऊन बसलेय म्हणालीस. तरी मी घाबरले नाही. पण आईचा आरसा तू फोडलास, असं मी नेहमीसारखं टोचलं, आणि साठ वर्षं त्यावरून माझ्याशी कचाकचा भांडणारी तू म्हणालीस, "असेल बाई." तेव्हा मात्र घाबरले.

म्हणून ही थोरली बहीण मोठ्या मनानं तुला शपथेतून मोकळं करत आहे. उद्याच डॉक्टरांकडे जा, ते म्हणतील तेवढी गोळी घे. खोलीत सामान परत आलं आहे, दात बसवूनच हे सांगते आहे.

तुझी,
अक्का

ता. क. मोठ्या मनाचं खोडून टाक. शपथेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गोळी घेतली. हात आपोआप डबीकडे गेला. तेव्हापासून एकही दिवस चुकला नाही, आणि तुला सांगायची लाज वाटली. दोन महिने तू एकटीच शपथ पाळत होतीस. (नातीनं पेन खाली ठेवलं होतं. आता उचललंय, पण माझ्याकडे बघत नाही.)

ता. क. दुसरा. आईचा आरसा खरंच कुणी फोडला, ते मला पक्कं माहीत आहे. दीड महिना गोळ्या घे, मग फोन कर. पलीकडून बाप्या बोलला तर सांगणार नाही.