जिथे चार शिवणी भेटतात

४ मार्च, सोमवार

लेक आज उभ्यानेच जेवली. बसवत नाही म्हणते. टपाल वाटायची नोकरी लागून आठवडा झाला — रोज अठरा किलोमीटर सायकल. पहिला महिना कच्चा. दोन फेऱ्या चुकल्या की घरी! चाळिशीत नवरा सोडून आलेल्या पोरीची ही पहिली स्वतःची कमाई. ती जाता कामा नये.

सायकलच्या दुकानदाराने तिच्या गळ्यात मऊ, फुगीर सीट मारली. म्हणे लोण्यासारखी आहे. लोण्यावर कधी कोणी बसलंय का, गाढवा!

५ मार्च

लोणी कसलं, दलदल! बूड आत रुततं, मधला भाग वर येतो आणि नको तिथे घासतो. दुकानात जाऊन सुनावलं. तो दीडशहाणा विचारतो, काकांना सायकल येते का? नाही येत. पण तीस वर्षं टपाल खात्याचे गणवेश शिवलेत मी. माणसाचं बूड तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो.

७ मार्च

लेकीला पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसवलं. उठली तर दोन खळगे — बसायच्या दोन हाडांचे. फीत लावली. एवढंसं काम! पण त्या दुकानदाराने टेप म्हणून कधी हातात धरली असेल तर शपथ.

मापाची सीट भंगारात सापडली. रुंद, कातडी, खाली स्प्रिंगा. दुकानदार दारात उभा राहून हसत होता. हस बापड्या. उथळ पाण्याला खळखळाट फार.

९ मार्च, शनिवार

हाडं दुखायची थांबली, सोलवटणं थांबेना. आज फेरी चुकली. उरली एक.

त्याच बृहस्पतीने तिला आता गादी लावलेली घट्ट चड्डी विकली. नुसत्या अंगावर घालायची असते हे सांगायचं मात्र राहिलं! हिने घातली आतल्या कपड्यांवर, वरून पँट. पोर उकडून निघाली.

रात्री दबकत म्हणाली, "बाबा, पँटच टोचत नसेल ना?"

उखडलोच मी. अगं, खात्यातली प्रत्येक पँट आजही माझ्या साच्यावर शिवतात. पूर्वी टपालवाल्यांच्या पँटी जांघेत उसवायच्या, म्हणून चार शिवणी भेटतात तिथे दुहेरी शिवण मी बसवली. हत्ती लावले तरी उसवायची नाही! नाचता येईना अंगण वाकडं, म्हणालो.

तिने ताट घासून ठेवलं आणि झोपायला गेली.

१० मार्च, रविवार

तिचं ते गप्प बसणं डोक्यातून जाईना. दुपारी तिची पँट चढवली. बटण लागेना, सुतळी बांधली. सायकल अंगणात स्टँडवर लावून बसलो आणि पॅडल मारत राहिलो. शेजारीण गच्चीतून बघत होती. बघ म्हटलं.

दहा मिनिटं काही नाही. मनात म्हणालो, बघा! विसाव्या मिनिटाला काहीतरी रुतायला लागलं. अर्ध्या तासाने उतरलो तो पाय फाकवून.

चार शिवणींची बोराएवढी गाठ. माणूस आणि सीट यांच्या बरोब्बर मधोमध. माझीच.

तीस वर्षं फक्त उसवलेल्या पँटी बघितल्या. त्यांतली माणसं कुठे बघितली? आणि दुकानदाराला गाढव म्हणतोय!

संध्याकाळी गाठ उसवली. तिथे पतंगाच्या आकाराचा तुकडा घातला — कळी. शिवणी बाजूला गेल्या, आता एकमेकींना भेटतच नाहीत. लेकीला काय सांगायचं ते सुचेना. पँट घडी करून तिच्या उशाशी ठेवली.

११ मार्च

बसून जेवली.

१६ मार्च, शनिवार

आठवड्यात एकही फेरी चुकली नाही. साहेबांनी म्हणे विचारलं, एवढी खुशीत कशी? हिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हिला पोटात काही ठेवता येत असेल तर शपथ!

१८ मार्च, सोमवार

सकाळी फाटकाशी अकरा सायकली. अकरा टपालवाले, प्रत्येकाच्या काखेत एक पँट. पुढे मिशीवाला — बावीस वर्षं माझ्याकडे माप देत आलेला. विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?

"मास्तर, ती शिवण तुम्ही इतक्या कौतुकाने दाखवायचात," म्हणाला. "आम्ही उभ्याने सायकल मारायला शिकलो."