एकोणिसाव्या गाळ्यातला माल

दापोडे, भिवंडी
३ डिसेंबर २०२४

ती. सरलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मला नोकरी लागली! इथल्या गोदामांत एकोणीस नंबरचा गाळा सांभाळायचा. मोबाइल गेटवर जमा करतात आणि तू तो ठेवतच नाहीस, म्हणून हे पत्र वज्रेश्वरी एसटीच्या जीवन कंडक्टरांच्या हाती.

गाळ्याला सील आहे. रोज संध्याकाळी ऑफिसातला फोन वाजतो, माल आहे का विचारतात, मी आहे म्हणायचं. झाली ड्युटी. आधीचे राखणदार सत्तारचाचा म्हणाले की मालाला हात लावायचा न्हाय, फक्त हां बोलायचं. माल कसला, ते त्यांनाही ठाऊक नाही. मालक कितीदा बदलले. माल जागचा हलला नाही. चहावाला गोदू मला होकाराची शेठाणी म्हणतो.

तब्येतीला जप. माया आहे तशीच ठेव.
तुझी आसावरी

वज्रेश्वरी
५ डिसेंबर

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

हसू आलं आणि रागही. भिवंडीच्या कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला मी हेच शिकवलं: संपत्ती उपयोगी हवी, दुर्मीळ हवी, दुसऱ्याला देता यायला हवी, माणसाच्या बाहेर असायला हवी. न पाहिलेल्या मालाला यातलं काय लागू होतं? माझ्या भाचीनं पोपटपंची करून पगार घ्यावा? सील काढ, बघ, आणि असेल ते सांग.

वेळेवर जेव. रागावले तरी लोभ कमी नाही.
सरलाआत्या

दापोडे
८ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल उघडलं. गाळा रिकामा आहे. धूळसुद्धा नाही. फोन आला तेव्हा मी नाही म्हटलं. पलीकडचा माणूस हळूच म्हणाला की बाई, पुन्हा एकदा बघा.

आज सकाळी शेजारच्या गाळ्यात हमाल कापडाचे तागे हातात धरून नुसते उभे होते. कापड तेच, पण ते कुठे न्यायचं, कशाला न्यायचं, हे कुणालाच सुचेना. एका ट्रक ड्रायव्हरनं चहाचे पैसे म्हणून नोट दिली. गोदूनं ती उलटसुलट केली आणि हे काय म्हणून अदबीनं परत दिली. कुणी भांडत नाही, आत्या. इथे इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

काय करू, ते लगेच कळव.
आसावरी

वज्रेश्वरी
९ डिसेंबर

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

ते इथवर पोचलं आहे. जीवननं कुणाचं तिकीटच फाडलं नाही. कुंडाजवळ नारळ विकणाऱ्या गुणाबाईनं मला विचारलं की हे नारळ तिचेच का. मी घराशी आले आणि आत जायचा मला हक्क आहे का, तेच आठवेना. कुणी हटकलं नाही म्हणून गेले.

नारळ उपयोगी होते, दुर्मीळ होते, देता येण्याजोगे होते, गुणाबाईच्या बाहेरही होते. तरी ते कुणाचेच नव्हते. सगळ्यांनी आहे म्हणावं लागतं, आणि कुणीतरी ते आधी म्हणावं लागतं.

मी शब्द सहसा मागे घेत नाही. आज घेते. आहे म्हण.
सरलाआत्या

दापोडे
११ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

म्हटलं. बाहेर लगेच हॉर्न सुरू झाले, हमाल भाड्यावरून भांडले, गोदूनं सुट्ट्या पैशांवरून एकाचा उद्धार केला. मला रडू आलं.

पण त्याच क्षणी बंद दाराआड काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला. माझी खुर्ची हादरली. ड्युटी संपवून निघाले, तर गेटाकडे जाताना मागचा गलबला विरत गेला. परतले, तेव्हा पुन्हा सुरू झाला. सत्तारचाचा रस्त्यापलीकडे उभे राहून हात जोडतात. आत येत नाहीत. त्यांनी मला माल नव्हे, जागा सोपवली.

आत्या, मला इथून निघता येईल ना?
आसावरी

वज्रेश्वरी
१२ डिसेंबर

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

राखणदाराला बदली माणूस मिळाला तरच निघता येतं, हे चाचांवरून दिसतंच आहे. घराची किल्ली गुणाबाईकडे दिली आहे. ती आता म्हणते, घर तुमचंच.

तुझी बदली म्हणून सकाळच्या एसटीनं येते. तू सामान बांधून गेटवर थांब. आत माझ्याबरोबर येऊ नकोस. मला खोटं बोलायची सवय नाही, पण ते खोटं आहे असं आता मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

खूप जग. माझ्यावर माया ठेव, आणि मला बदली द्यायला परत येऊ नकोस.
सरलाआत्या